अवकाशपटातली भव्य दृश्ये कथेचा वेग मारतात का? ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ आणि ‘ग्रॅव्हिटी’

शततारका (धागाकर्ते)

वास्तववादी विज्ञानपटांची चर्चा निघाली की दोन मते हमखास ऐकू येतात. स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’बद्दल (१९६८) म्हटले जाते की दृश्ये अप्रतिम आहेत, पण चित्रपट सोसवत नाही इतका संथ आहे. आल्फोन्सो क्वारोनच्या ‘ग्रॅव्हिटी’बद्दल (२०१३) बरोबर उलटी तक्रार असते: चित्रपट खिळवून ठेवतो, पण त्यासाठी विज्ञानाला सोयीस्कर मुरड घातली आहे. दोन्ही मतांच्या मुळाशी एकच समजूत आहे. भव्यता वाढली की वेग घटतो, आणि वेग हवा असेल तर भव्यतेला किंवा खरेपणाला कात्री लावावी लागते, अशी ती समजूत. ती मला पटत नाही, आणि का पटत नाही हे जरा तपशिलात मांडावे म्हणून हा धागा काढत आहे. दोन्ही चित्रपटांची कथानके पुढे उघड होतात. ज्यांनी ते पाहिलेले नाहीत त्यांनी आधी पाहून मग वाचले तर बरे.

माझे म्हणणे असे आहे. वास्तववादी अवकाशपटात एखादे दृश्य किती वेळ चालावे, हे त्या दृश्यात घडणाऱ्या भौतिक क्रियेला ठरवू दिले, तर दृश्याचे सौंदर्य आणि त्याची लय एकाच ठिकाणाहून येतात. दिग्दर्शकाने ती क्रिया बाजूला ठेवून नुसते दृश्य मिरवले की चित्रपट रेंगाळतो, आणि घाईपायी ती क्रियाच मोडली की तो खोटा पडतो.

‘२००१’मध्ये प्रवासी यान पृथ्वीभोवतीच्या स्थानकात शिरते ते दृश्य घ्या. योहान श्ट्राउसचे ‘ब्लू डॅन्यूब’ वाजत असते आणि कित्येक मिनिटे कुणी एक शब्द बोलत नाही. स्थानक चाकासारखे फिरत आहे, कारण त्या फिरण्यामुळेच आतल्या माणसांचे पाय जमिनीवर टेकतात. त्याच्या मध्यावरच्या अरुंद, आडव्या दारातून आत जायचे, तर यानाला आधी स्वतःभोवती स्थानकाच्याच गतीने फिरू लागावे लागते. शेकडो टनांची दोन यंत्रे एकमेकांच्या तालात आणण्याचे हे काम धसमुसळेपणाने होणारे नाही. प्रेक्षक जागरूक असेल तर त्याच्या डोळ्यांना इथे एक काम मिळते: दोघांच्या फिरण्यात अजून किती फरक उरला आहे, हे पाहण्याचे. तो फरक मिटला की दृश्यही संपते. ज्यांना हे दृश्य लांबलेले वाटते त्यांना बहुधा ते काम दिसलेले नसते. आणि ते दिसावे यासाठी कुब्रिकने एकही संवाद खर्च केलेला नाही, हे त्याचे धाडस म्हणा किंवा हट्ट म्हणा.

याच कुब्रिकला वेळ गाळणेही उत्तम जमते. डिस्कव्हरी यान पृथ्वीपासून ८ कोटी मैलांवर असताना बीबीसीची मुलाखत दाखवली आहे. मुलाखतकार सुरुवातीलाच सांगतो की आपले शब्द यानापर्यंत पोहोचायला ७ मिनिटे लागतात आणि हा विलंब ध्वनिमुद्रणातून काढून टाकलेला आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धरून गणित केले तर ८ कोटी मैलांना ७ मिनिटांपेक्षा किंचित जास्तच वेळ लागतो. म्हणजे आकडा खरा आहे, तो प्रेक्षकाला सांगितलाही आहे, आणि ती निरुपयोगी शांतता मात्र त्याच्यावर लादलेली नाही. जो दिग्दर्शक इथे प्रत्येक प्रश्नामागची १४ मिनिटे एका वाक्यात उडवतो, तो स्थानकजोडणीची मिनिटे ठेवतो, याचा अर्थ ती त्याने जाणूनबुजून ठेवलेली आहेत.

त्याने स्वतःच्या चित्रपटालाही सोडले नाही. २ एप्रिल १९६८ रोजी वॉशिंग्टनमध्ये पहिला खेळ झाला तेव्हा चित्रपट सुमारे १६१ मिनिटांचा होता. प्रेक्षकांची चुळबुळ पाहून कुब्रिकने काही दिवसांतच सुमारे १९ मिनिटे कापली, त्यांत यानावरच्या दैनंदिन जीवनाचे आणि यानाबाहेरच्या कामांचे काही भाग होते. स्थानकजोडणी मात्र राहिली.

आणि याच चित्रपटातले सर्वांत झटपट दृश्य आठवा. डिस्कव्हरी चालवणारा संगणक हॅल दार उघडत नाही, अंतराळवीर बोमनचे शिरस्त्राण मुख्य यानातच राहून गेलेले आहे, आणि त्याला छोट्या यानाचे दार स्फोटाने उडवून निर्वातातून हवाबंद खोलीत झेप घ्यावी लागते. निर्वातात माणूस साधारण १० ते १५ सेकंदच शुद्धीवर राहू शकतो. म्हणून दृश्यही तेवढ्याच घाईचे आहे, आणि खोलीत हवा भरेपर्यंत पूर्ण निःशब्द आहे. जोडणी संथ, कारण ती क्रिया संथ. सुटका क्षणात, कारण शरीराकडे तेवढेच क्षण आहेत. दोन्हीकडे घड्याळ एकच आहे, भौतिकीचे.

‘ग्रॅव्हिटी’ जिथे उत्तम आहे, तिथेही हेच घड्याळ चालते. सुरुवातीचा सुमारे १३ मिनिटांचा सलग शॉट पाहा. हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीचे काम, गप्पा, खाली सरकणारी पृथ्वी, आणि त्यात एक भारतीय अंतराळवीर ‘मेरा जूता है जापानी’ गुणगुणत दोराला लटकून मजेत झुलतो आहे. कॅमेरा तुटत नाही, कारण तिथे पाय रोवायला जागाच नाही, आणि एमान्युएल लुबेझ्कीच्या छायाचित्रणाने ती अधांतरी अवस्था थेट आपल्या अंगावर आणली आहे. मग उपग्रहाचे तुकडे येतात आणि तोच अखंडपणा भीतीचा होतो. पुढे अनुभवी अंतराळवीर कोवाल्स्की घड्याळात ९० मिनिटांचा गजर लावायला सांगतो, कारण त्या उंचीवर पृथ्वीची एक फेरी साधारण तेवढ्या वेळात होते आणि तुकडे पुन्हा येणार आहेत. कथेतला धोका परत येण्याचे वेळापत्रक कुणा खलनायकाने आखलेले नाही, ते कक्षेने आखले आहे. एवढी स्वच्छ पटकथेची युक्ती मी क्वचितच पाहिली आहे.

आणि तो चित्रपट जिथे डळमळतो ते ठिकाणही याच कसोटीने सापडते. कोवाल्स्कीची सहकारी डॉ. स्टोन हिचा पाय आंतरराष्ट्रीय स्थानकाला जोडलेल्या यानाच्या पॅराशूटच्या दोरांत अडकला आहे, तिने कोवाल्स्कीचा दोर धरून ठेवला आहे, दोघे थांबलेले दिसतात, आणि तरीही काहीतरी त्याला ओढत राहते म्हणून तो स्वतःला सोडवून घेतो. स्थानकाच्या तुलनेत दोघे एकदा थांबले, की त्याला दूर ओढणारे बलच तिथे उरत नाही. तिने हलकासा हिसका दिला असता तर तो तिच्याकडे तरंगत आला असता. दोर अजून सुटत होते असा बचाव केला जातो, पण पडद्यावर ते तसे ठसत नाही. चित्रपटाला निरोपाचा प्रसंग लवकर उरकायचा होता, म्हणून कड्यावरून लोंबकळणाऱ्या माणसाचे पृथ्वीवरचे दृश्य अवकाशात नेऊन बसवले. इथे भव्यतेने वेग मारलेला नाही. घाईने क्रिया मोडली, आणि क्रिया मोडल्यावर दुःखही उसने वाटू लागले.

इतरांची मते वाचायला आवडेल, विशेषतः विरोधातली.

कातरवेळ

लेख काळजीपूर्वक लिहिला आहे, पण मुख्य मुद्द्याशी मी असहमत आहे.

प्रेक्षकाचा डोळा काळाबाहेर नसतो. ‘२००१’ एप्रिल १९६८ मध्ये आला तेव्हा माणसाचे पाऊल चंद्रावर पडायला वर्षाहून अधिक काळ होता, आणि चंद्रावरून उगवणाऱ्या पृथ्वीचे अपोलो ८ मधून टिपलेले रंगीत छायाचित्रही आलेले नव्हते. ते त्याच वर्षीच्या डिसेंबरमधले. त्या प्रेक्षकाला फिरते स्थानक ही स्वतःच एक बातमी होती. आज स्थानकात तरंगणारी माणसे केस कसे धुतात, हे शाळकरी मुले मोबाइलवर पाहतात. तुम्ही म्हणता की डोळ्यांना काम मिळते. मला वाटते की ते काम आता आपण दोन सेकंदांत उरकतो आणि उरलेली मिनिटे श्ट्राउस ऐकत बसतो. संगीत सुंदर आहेच, पण मग ते दृश्य कथेसाठी आहे की मैफलीसाठी, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

दुसरा मुद्दा. ‘२००१’मधल्या चंद्रावर जाणाऱ्या प्रवासी यानातली परिचारिका ताट हातात घेऊन गोल भिंतीवर चढत जाते, उलटी होते आणि दुसऱ्या दारातून निघून जाते. हा शॉट कशासाठी? अख्खा सेट फिरवला, कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवला, आणि ते आम्हाला कळावे म्हणून तो पूर्ण पाहायला लावला. हे मिरवणेच झाले.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. शेवटचा रंगांच्या बोगद्यातला प्रवास तुमच्या कोणत्या भौतिक क्रियेत बसतो?

षड्ज

धागा दृश्य आणि वेगाबद्दल आहे, पण या दोघांचा हिशेब बऱ्याचदा कानांवर होतो, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

‘२००१’मध्ये यानाबाहेरच्या कामाच्या दृश्यांत आपल्याला फक्त श्वास आणि पोशाखातल्या हवेची सूं सूं ऐकू येते. चित्र बघाल तर जवळपास काहीच घडत नाही: एक माणूस हळूहळू अँटेनाकडे तरंगत जातो. आवाज बंद करून ते पाहा, अगदीच कंटाळवाणे आहे. आवाज चालू ठेवून पाहा, आणि काही वेळाने तुमच्या लक्षात येईल की तुमचा श्वास त्याच्या श्वासाबरोबर चालू लागला आहे. दृश्याची लय संकलनाने बांधलेली नसून फुप्फुसाने बांधलेली आहे. म्हणूनच पुढे पूल या दुसऱ्या अंतराळवीरावर हल्ला होतो आणि तो श्वास एकदम नाहीसा होतो, तेव्हा किंकाळीची गरज पडत नाही. आधीच्या संथ मिनिटांत आपल्याला त्या श्वासाची सवय लावली नसती, तर ती शांतता नुसती शांतता राहिली असती. कातरवेळ यांना माझे उत्तर असे की काही मिनिटे तिथल्या तिथे वसूल होत नाहीत, ती पुढे कामी येतात.

‘ग्रॅव्हिटी’तही ध्वनीचा विचार कडक आहे. निर्वातात आवाज जात नाही, म्हणून बाहेरच्या स्फोटांना आवाज नाही. जे ऐकू येते ते रेडिओवरचे, किंवा स्टोनचा हात, पोशाख एखाद्या वस्तूला टेकल्यावर कंपनांतून तिच्यापर्यंत पोहोचणारे. पान्याने बोल्ट फिरवताना येणारा तो दबका, पाण्याखालून आल्यासारखा आवाज नीट ऐका. माझी तक्रार स्टीव्हन प्राइसच्या पार्श्वसंगीताबद्दल आहे, त्याला ऑस्कर मिळाले असले तरी. स्फोट मुके ठेवायचे आणि त्यांची जागा चढत जाणाऱ्या संगीताने भरून काढायची, म्हणजे पुढच्या दाराने बाहेर काढलेला आवाज मागच्या दाराने आत घेतल्यासारखे आहे. तुकडे नुसते शांतपणे येऊन आदळले असते तर वेग कमी झाला नसता, उलट वाढला असता, असे मला ठामपणे वाटते.

निर्वात

दोरीच्या प्रसंगाबद्दल धागाकर्त्यांशी सहमत. थोडे आकडे जोडतो, कारण ‘मुरड घातली’ म्हणजे किती, हे समजले पाहिजे.

चित्रपट आला तेव्हा हबल सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर होती आणि तिची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंशांचा कोन करते. आंतरराष्ट्रीय स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर, ५१.६ अंशांच्या कक्षेत. उंचीतला फरक किरकोळ आहे, खरी अडचण कोनाची आहे. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने जाणाऱ्या वस्तूची दिशा एवढी वळवायची, तर वेगात सेकंदाला किमान ३ किलोमीटरचा बदल करावा लागतो. १९८४ मध्ये नासाने वापरलेल्या, पाठीवर बांधायच्या जेट-खुर्चीची एकूण क्षमता सेकंदाला २५ मीटरच्या आसपास होती. म्हणजे कोवाल्स्कीने स्टोनला दोराने ओढत हबलपासून स्थानकापर्यंत नेले, त्यासाठी त्याला शंभरपटींहून जास्त ताकद लागली असती.

तरीही मी हा दोष दोरीच्या दोषापेक्षा लहान मानतो. कक्षांचे कोन हे चित्रपटाचे गृहीतक आहे: सगळे एका प्रतलात आहेत असे समजा आणि पुढे चला. ते एकदा मान्य केले की त्या जगाचे नियम बदलत नाहीत. दोरीचा प्रसंग मात्र त्याच चित्रपटाने आधीच्या अर्ध्या तासात आपल्याला शिकवलेला नियम मोडतो. स्टोन आधी भिरकावली जाते तेव्हा ती थांबत नाही, कारण तिला थांबवणारे काही नाही, हे आपण शिकलेलो असतो. तोच प्रेक्षक मग विचारतो की थांबलेल्या माणसाला ओढते आहे कोण?

एक वेगळी बाजूही मांडतो. खरेपणा नेहमी वेगासाठीच सोडला जातो असे नाही, निव्वळ दिसण्यासाठीही सोडला जातो. डिस्कव्हरी अणुऊर्जेवर चालणारे यान आहे, त्याला उष्णता बाहेर टाकायला पंखांसारखे मोठे पत्रे, म्हणजे विकिरक, हवेत. ते काढून टाकले, कारण हवा नसलेल्या जागी विमानाचे पंख कशाला, असा प्रश्न प्रेक्षकाला पडला असता. ‘इंटरस्टेलर’मध्ये (२०१४) भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून कृष्णविवर रेखाटले, पण त्याभोवतीच्या तबकडीची एक बाजू प्रखर आणि दुसरी मंद दिसायला हवी होती, ती तशी ठेवली नाही, प्रेक्षक गोंधळेल म्हणून. दोन्ही ठिकाणी वेगाचा संबंध नाही. खरे ते खरे वाटणार नाही, ही भीती आहे.

मंगळप्रदक्षिणा

वरच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे असे वाटते. चित्रपट संथ होतो तो दृश्यांमुळे कमी आणि स्पष्टीकरणांमुळे जास्त.

‘इंटरस्टेलर’ १६९ मिनिटांचा आहे. त्यात यान कृमिविवरापाशी (अवकाशातली दोन दूरची ठिकाणे जोडणाऱ्या बोगद्यापाशी) पोहोचते, आणि तिथे एक शास्त्रज्ञ त्या यानाच्या वैमानिकाला कागद दुमडून, त्यातून पेन आरपार घालून कृमिविवर म्हणजे काय ते समजावतो. मोहीम निघण्याआधी हे त्याला कुणी सांगितले नव्हते काय? तो कागद आपल्यासाठी आहे, आणि खिडकीबाहेर ते अद्भुत दृश्य तयार असताना आपण कागद पाहत बसतो. चित्रपटाचा वेग इथे पडतो.

त्याउलट त्यातलीच जोडणी पाहा. स्फोटामुळे मुख्य यान मिनिटाला ६७–६८ फेऱ्यांच्या वेगाने भिरभिरते आहे आणि ग्रहाच्या वातावरणाकडे घसरते आहे. वैमानिक कूपर आपले छोटे यान तेवढ्याच वेगाने फिरवतो आणि जोडतो. भौतिक क्रिया ‘२००१’मधलीच आहे, तंतोतंत. तिथे फिरणे संथ म्हणून दृश्य संथ, इथे फिरणे बेभान म्हणून दृश्य बेभान. शततारका यांचे म्हणणे मला या दोन दृश्यांच्या तुलनेतून पटले, मूळ लेखातून तितके पटले नव्हते.

‘द मार्शियन’चेही (२०१५) उदाहरण घेण्यासारखे आहे. सुरुवातीचे वादळ चुकीचे आहे, मंगळावर हवेचा दाब पृथ्वीवरच्या शंभराव्या हिश्शापेक्षाही कमी असल्याने तिथला वारा यान कलंडवू शकत नाही. पण मंगळावरच्या जुन्या पाथफाइंडर यानाचा कॅमेरा एकेका फलकाकडे वळवून पृथ्वीवरची माणसे तिथे एकट्या अडकलेल्या वॉटनीला उत्तरे देतात, तो भाग नावाजण्यासारखा आहे. प्रश्न आणि उत्तर यांत सुमारे अर्ध्या तासाचे अंतर आहे, आणि ही वाट पाहणे हीच कथा होते. कॅमेऱ्याची मान वळते, एवढीच हालचाल. आणि भव्यतेचा लवलेशही नसताना आपण पुढे सरकून बसतो.

ताम्हण

मंगळप्रदक्षिणा यांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहितो.

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. पावणेसहाच्या सुमारास चंद्रयान-३ चे लँडर खाली उतरू लागले आणि ६ वाजून ४ मिनिटांनी चंद्राला टेकले. ती साधारण १९ मिनिटे आपण काय पाहत होतो? नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर एक आखलेली रेषा, तिच्यावरून सरकणारी प्रत्यक्ष मार्गाची खूण, आणि उंची व वेग यांचे घटत जाणारे आकडे. माझ्या सोसायटीच्या सभागृहात त्या वेळी लहान मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे बसले होते, आणि आडवा वेग म्हणजे काय हे त्यांतल्या अनेकांना शेजारच्याने सांगावे लागत होते. तरीही कुणी उठले नाही. कारण २०१९ च्या सप्टेंबरमध्ये तीच खूण शेवटच्या २.१ किलोमीटरवर रेषेपासून ढळलेली सगळ्यांनी पाहिली होती.

आता ‘२००१’मध्ये हॅल झोपलेल्या तीन शास्त्रज्ञांना मारतो ते दृश्य आठवा. एकही माणूस हलत नाही. पडद्यावर त्यांच्या शरीरक्रियांच्या रेषा आहेत, त्या एकेक करून सपाट होत जातात आणि इशाऱ्याची अक्षरे लुकलुकतात. ते इतके भयंकर वाटते, कारण रेषा सपाट होण्याचा अर्थ आपल्याला ठाऊक असतो. माझ्या मते कसोटी भौतिक क्रिया ही नाही. त्या क्रियेचा परिणाम प्रेक्षकाला आधीपासून माहीत असणे, ही कसोटी आहे. स्थानकजोडणीत चूक झाली तर काय होईल, याची जाणीव कुब्रिक करून देत नाही, म्हणून कातरवेळ यांना तिथे कंटाळा आला, आणि मला त्यांचा कंटाळा रास्त वाटतो.

आडवाट

मध्यंतराबद्दल एक छोटी नोंद. ‘२००१’ला मूळचेच मध्यंतर आहे आणि ते फार विचाराने ठेवलेले आहे: दोघे अंतराळवीर छोट्या यानात बसून हॅलला बंद करण्याबद्दल बोलतात, आवाज त्याच्यापर्यंत जात नाही, पण तो काचेतून त्यांच्या ओठांची हालचाल वाचतो, आणि तिथे पडदा पडतो. ‘ग्रॅव्हिटी’ जेमतेम ९१ मिनिटांचा, मध्यंतराशिवाय कल्पिलेला; आपल्याकडच्या चित्रपटगृहात मी तो पाहिला तेव्हा मध्येच दिवे लागले आणि श्वासावर बांधलेली ती सगळी घट्ट वीण उसवली. वेगाची चर्चा करताना आपण चित्रपट कोणत्या अवस्थेत पाहिला, हेही धरले पाहिजे.

शततारका (धागाकर्ते)

सर्वांचे आभार. तीन मुद्द्यांना उत्तर देतो.

कातरवेळ, रंगांच्या बोगद्याला माझी कसोटी लागू होत नाही, हे अगदी मान्य. डग्लस ट्रंबलने अरुंद फटीतून एकेक चौकट टिपत ते तंत्र घडवले. त्याचे कौतुक आहेच, पण तिथे चित्रपट वास्तववादाचा करार स्वतःहून संपवतो, आणि तो करार संपल्यावर किती वेळ थांबायचे हे ठरवायला दिग्दर्शकाच्या मर्जीशिवाय काहीच उरत नाही. मलाही तो भाग लांबलेला वाटतो. माझ्या म्हणण्याला त्याने धक्का बसत नाही, बळच मिळते.

परिचारिकेबद्दल मात्र ऐकणार नाही. ती पायांत पकड असलेले जोडे घालून, एकेक पाऊल रोवत चालते. त्या शॉटच्या सुरुवातीला आपल्याला ‘वर’ आणि ‘खाली’ ठाऊक असते, शेवटी ते राहिलेले नसते. अर्ध्यावर तोडला तर फक्त कसरत दिसेल, दिशा हरवल्याची जाणीव होणार नाही, आणि पुढे डिस्कव्हरीच्या फिरत्या चक्रात पूल गोल धावतो तेव्हा आपण गोंधळून जाऊ. ते चक्र विकर्स-आर्मस्ट्राँग या अभियांत्रिकी कंपनीने प्रत्यक्ष बांधले होते, सुमारे १२ मीटर व्यासाचे, साडेसात लाख डॉलर खर्चून. एवढा खर्च केलेली वस्तू कुब्रिकने आल्या आल्या दाखवली नाही, आधी परिचारिकेच्या त्या शॉटने आपले डोळे तयार केले.

ताम्हण, तुमची दुरुस्ती मोलाची आहे आणि चंद्रयानाचे उदाहरण त्याहून. परिणाम ठाऊक असल्याशिवाय क्रिया नुसती हालचाल राहते, हे खरे. पण एक भेद करावासा वाटतो. चंद्रयानाच्या त्या १९ मिनिटांत परिणामाची जाणीव आपण बाहेरून, २०१९ च्या अनुभवातून, घेऊन आलो होतो. चित्रपटाला ती स्वतः घडवावी लागते. ‘ग्रॅव्हिटी’ ती पहिल्या १३ मिनिटांतच घडवतो आणि म्हणून पुढे पळू शकतो. ‘२००१’ ती घडवायला तासभर घेतो. जोडणीच्या दृश्यात धोका नाही, कारण तिथे यंत्रे बिनचूक चालतात ही गोष्टच मनात ठसवायची आहे. हॅल बिघडतो तेव्हा जो हादरा बसतो, तो त्या बिनचूकपणावर विसावलेल्या मनाला बसतो. षड्ज यांनी श्वासाबद्दल जे लिहिले, तेच मी यंत्रांबद्दल म्हणेन.

कातरवेळ

यंत्रे बिनचूक चालतात हे मनात ठसवणे, हा खुलासा मला पटला. मूळ लेखात तो असता तर माझा पहिला परिच्छेद मी लिहिला नसता. जोडणीचे दृश्य आज पुन्हा पाहिले. वैमानिकांचे चेहरे निर्विकार आहेत आणि प्रवासी तर झोपलेलाच आहे, त्याचे पेन हवेत तरंगते आहे. धोका नाही हेच तिथे दाखवायचे आहे, हे या वेळी लक्षात आले.

परिचारिकेबद्दल मी मत बदललेले नाही. दिशा हरवते ती ती भिंतीच्या मध्यावर पोहोचते तेव्हाच. त्यापुढची तिची पावले मी कापली असती.